कन्सोलची घोषणा कशी ऐकावी: माझ्या वहीचे चार रकाने

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर २००४ साल आहे आणि खाली ठळक अक्षरात ‘फँटम’. इन्फिनियम लॅब्स नावाच्या कंपनीने आदल्या वर्षी हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, जाहीर केला होता. त्यात सीडी नव्हती आणि कार्ट्रिजही नव्हतं, सगळे खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे होते. २००४ च्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात त्यांनी तो मांडलाही होता. त्या पानाच्या शेवटच्या रकान्यात मी चार वर्षांनी लिहिलंय: ‘कीबोर्ड आला. मांडीवर ठेवायचा. बाकी काही नाही.’

मी तेव्हा बातम्यांच्या डेस्कवर होते. प्रदर्शनातल्या घोषणांचा इंग्रजी मजकूर यायचा आणि तासाभरात त्याची मराठी बातमी करून द्यायची असायची. या कामाने मला एक गोष्ट शिकवली, ती पुढे कन्सोल विकत घेतानाही कामी आली. इंग्रजी वाक्य कितीही गुळगुळीत असलं तरी मराठीत आणताना शेवटी क्रियापद लावावंच लागतं. ‘आहे’ लिहायचं, ‘असेल’ लिहायचं की ‘असावं असा प्रयत्न आहे’, हे ठरवल्याशिवाय वाक्य संपतच नाही. निम्म्या घोषणा तिथेच उघड्या पडतात.

आता माझा भाचा प्रत्येक घोषणेनंतर फोन करतो. ‘मावशी, घेऊ का?’ त्याला दर वेळी तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी वहीचं पान आखा. तीन उभ्या रेघा मारल्या की चार रकाने होतात. त्यांची नावं: ‘दाखवलं’, ‘म्हणाले’, ‘म्हणाले नाहीत’, ‘आलं’. पहिले तीन घोषणेच्याच दिवशी भरायचे, आणि पेनाने भरायचे. पेन्सिलीने लिहिलं की नंतर आपण नकळत खाडाखोड करतो आणि आपल्याला सगळं आधीच कळलं होतं असं वाटायला लागतं. चौथा रकाना यंत्र दुकानात आल्यावर भरायचा. तोवर तो कोरा राहिला तरी चालेल, काही पानांवर तो कायमचा कोरा राहतो.

पानाच्या माथ्यावर घोषणा कुठे झाली ते लिहा. हे वाटतं तितकं किरकोळ नाही. सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन दर जानेवारीत लास व्हेगासला भरतं. तिथे टीव्ही असतात, लॅपटॉप असतात, गाड्या असतात, वॉशिंग मशीनही असतात. एके काळी गेमवाल्यांचं घर तेच होतं. जानेवारी १९८५ मध्ये निन्टेन्डोने तिथे एक ऐटबाज यंत्र मांडलं: बिनवायरचे कंट्रोलर, कीबोर्ड, कॅसेट रेकॉर्डर. दुकानदारांनी ढुंकून पाहिलं नाही. व्हिडिओ गेमच्या धंद्यात १९८३ ला आलेल्या मंदीत त्यांचे हात चांगलेच पोळले होते. सीईएस तेव्हा उन्हाळ्यातही भरायचं; त्याच वर्षी जूनमध्ये शिकागोच्या सीईएसला तेच यंत्र बरंच सामान उतरवून, करड्या खोक्याच्या रूपात आलं आणि सोबत एक छोटा रोबो होता. त्याला आपण एनईएस (निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम) म्हणून ओळखतो. म्हणजे जानेवारीत लोकांनी पाहिला तो कच्चा खर्डा होता. ‘दाखवलं’ या रकान्याकडे नेहमी याच नजरेने बघायचं.

शिकागोचीच १९९१ ची गोष्ट याहून मोठी आहे. सोनीने निन्टेन्डोसोबत सीडीवर चालणारं यंत्र करत असल्याचं जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवशी निन्टेन्डोने फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. सोनीने पुढे आपलं स्वतःचं प्लेस्टेशन काढलं, ते याच अपमानातून. त्यामुळे दोन कंपन्यांनी मिळून केलेल्या घोषणेच्या पानावर मी एका कोपऱ्यात ‘दुसरी कंपनी काय म्हणाली?’ असं लिहून ठेवते. ती काहीच म्हणाली नसेल तर बातमी अर्धीच आहे.

१९९५ पासून गेमवाले लॉस एंजेलिसला ई-थ्रीत गेले आणि सीईएस कन्सोलसाठी जवळजवळ ओसाड पडलं. अपवाद २००१ चा. तेव्हा बिल गेट्स यांनी कुस्तीपटू ‘द रॉक’ला शेजारी उभं करून पहिला एक्सबॉक्स तिथेच दाखवला होता. २०२० ला सोनी आली आणि तिने प्लेस्टेशन ५ चा फक्त लोगो दाखवला. प्लेस्टेशन ४ च्या लोगोत चाराच्या जागी पाच, झालं. माझ्या ‘दाखवलं’ रकान्यात तेव्हा एकच आकडा आहे.

तेव्हा सीईएसकडून नव्या मोठ्या कन्सोलची आशा धरू नका. तिथे हातात धरून खेळायचे छोटे पीसी असतात, ग्राफिक्स कार्ड असतात, कंट्रोलर असतात आणि कव्हर-केबलवाले असतात. या कव्हरवाल्यांना मात्र कमी लेखू नका. जानेवारी २०२५ मध्ये निन्टेन्डोने आपला नवा कन्सोल स्विच २ अजून कुणाला दाखवलेला नव्हता, तेव्हा गेन्की नावाच्या अ‍ॅक्सेसरीवाल्यांनी त्याचा नमुना सीईएसमध्ये लोकांना दाखवला. निन्टेन्डोची अधिकृत घोषणा १६ जानेवारीला आली.

ई-थ्री तर आता राहिलंच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ते कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. आता प्रत्येक कंपनी आपला व्हिडिओ करते आणि ठरल्या वेळी सोडते. मला स्टेजची आठवण येते ती एकाच कारणासाठी: स्टेजवर फजिती व्हायची. २०१० च्या ई-थ्रीत झेल्डाचा नवा खेळ दाखवताना निन्टेन्डोच्या मियामोटो यांच्या हातातला रिमोट ऐकेचना. सभागृहातल्या बिनवायरी उपकरणांच्या गर्दीने त्यात अडथळा येत होता. लोक हसले. मी मात्र लगेच ‘दाखवलं’खाली ‘खरं’ असं लिहिलं. जे अडखळतं ते खरोखर चालू असतं. आधीच तयार करून ठेवलेला व्हिडिओ कधी अडखळत नाही.

याच्या उलट टोकाचं पान २००५ चं आहे. सोनीने प्लेस्टेशन ३ साठी किलझोन या खेळाच्या नव्या भागाचा व्हिडिओ दाखवला आणि बघणाऱ्यांचे डोळे दिपले. तो खेळ चालू असतानाचा व्हिडिओ नव्हताच, आधीच तयार केलेलं ॲनिमेशन होतं. तेव्हा दाखवलेल्या यंत्राच्या पाठीमागे टीव्हीसाठी दोन एचडीएमआय, इंटरनेटसाठी तीन इथरनेट आणि पुढेमागे मिळून सहा यूएसबी होते. दुकानात आलेल्या यंत्राला एचडीएमआय एक, इथरनेट एक आणि यूएसबी चार. कंट्रोलर बूमरँगच्या आकाराचा होता, तो कधीच विकायला आला नाही. तारीख सांगितली होती २००६ चा वसंत, यंत्र आलं नोव्हेंबरात. वहीतला चौथा रकाना कसा भरायचा याचं हे आदर्श पान आहे. पण चौथा रकाना नेहमी वाईटच असतो असंही नाही. २००६ मध्ये जाहीर झालेल्या स्वस्त मॉडेलला एचडीएमआय नव्हतं, विक्रीला येईपर्यंत ते दिलं गेलं.

व्हिडिओ बघताना काय शोधायचं? खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं. ‘या कन्सोलवर चित्रित’ आणि ‘गेम इंजिनमध्ये चित्रित’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन म्हणजे खेळ चालवणारं सॉफ्टवेअर, ते ताकदवान पीसीवरही चालतं आणि त्यात कॅमेरा हवा तसा फिरवता येतो. पडद्यावर खेळाडूची शक्ती, गोळ्यांचा आकडा, नकाशा असं काही दिसतंय का? कॅमेरा खेळाडूच्या पाठीमागून हलतोय, की सिनेमासारखा घारीच्या नजरेने घिरट्या घालतोय? खेळणाऱ्याचा नेम चुकतोय का? सगळ्या गोळ्या बरोबर लागत असतील तर मी ‘दाखवलं’ या रकान्यात काहीच लिहीत नाही.

आता ‘म्हणाले’ हा रकाना. इथे ऐकलेलं वाक्य मराठीत करून लिहायचं, शब्दशः इंग्रजीत उतरवून घ्यायचं नाही. ‘अप टू १२० फ्रेम्स’, म्हणजे पडद्यावर सेकंदाला १२० चित्रं, ऐकायला भारी वाटतं. मराठीत त्याचं ‘जास्तीत जास्त १२० फ्रेम’ होतं, आणि ‘जास्तीत जास्त’ म्हटलं की आपल्याला आपोआप ‘आणि कमीत कमी किती?’ असं विचारावंसं वाटतं. ‘स्टार्टिंग ॲट’ म्हणजे ‘पासून पुढे’. ‘लाँच विंडो’ म्हणजे विक्री सुरू होण्याचा दिवस नव्हे, त्यानंतरचे काही महिने. ‘हॉलिडे’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. मी एकदा घाईत ‘सुट्टीत बाजारात येणार’ असं छापून बसले होते. शाळेच्या सुट्टीत येणार असं समजून पालकांची पत्रं आली, संपादकांनी ती माझ्या टेबलावर नुसती आणून ठेवली.

सगळ्यात फसवा शब्द ‘एक्सक्लुझिव्ह’. २०१४ च्या गेम्सकॉममध्ये, जर्मनीत कोलोनला, टूम रेडरचा पुढचा खेळ २०१५ च्या अखेरीस ‘फक्त एक्सबॉक्सवर’ असं सांगितलं गेलं. आता हे मराठीत करून पाहा. ‘२०१५ च्या अखेरीस फक्त एक्सबॉक्सवर येईल.’ इथे ‘फक्त’ कशाला लागू आहे, ‘एक्सबॉक्स’ला की ‘२०१५ च्या अखेरीस’ला? भाषांतर करणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. उत्तर पुढे कळलं: पीसीवर जानेवारी २०१६ मध्ये आणि प्लेस्टेशन ४ वर ऑक्टोबर २०१६ मध्ये तो खेळ आला. एखाद्या खेळासाठीच कन्सोल घ्यायचा असेल तर ‘फक्त’ या शब्दाला कालमर्यादा आहे का, एवढं आधी तपासा.

टेराफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी क्रिया होतात त्याचा आकडाही याच रकान्यात जातो, आणि त्याला घाबरायचं कारण नाही. तो गुणाकार आहे. ग्राफिक्स चिपमधले गट, प्रत्येक गटातली ६४ छोटी गणकयंत्रं, दर ठोक्याला दोन क्रिया आणि ठोक्यांचा वेग. एक्सबॉक्स सीरिज एक्समध्ये ५२ गट आणि १.८२५ गिगाहर्ट्‌झ: ५२ गुणिले ६४ गुणिले २ गुणिले १.८२५, आले सुमारे १२,१५० गिगाफ्लॉप, म्हणजे १२.१५ टेराफ्लॉप. प्लेस्टेशन ५ मध्ये ३६ गट पण वेग २.२३: आले १०.२८. भाच्याला मी हा गुणाकार कागदावर करायला लावला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘म्हणजे हा आकडा खेळ चालवून मोजलेला नाही?’ नाही. तो कागदावरचा कमाल आकडा आहे. शिवाय प्लेस्टेशनचा २.२३ हा वेग ‘जास्तीत जास्त’ आहे, भारानुसार तो थोडा खाली येऊ शकतो. दोन्ही यंत्रांच्या चिप एकाच घराण्यातल्या असल्याने इथे तुलनेला थोडा तरी अर्थ आहे. वेगळ्या पिढीच्या किंवा वेगळ्या कंपनीच्या चिपशी हा आकडा लावून पाहू नका.

वहीत सर्वात जास्त जागा लागते ती ‘म्हणाले नाहीत’ या रकान्याला. मी त्यात आधीच सहा शब्द लिहून ठेवते आणि घोषणा ऐकता ऐकता एकेक खोडत जाते: किंमत, तारीख, खोक्यात काय, जागा किती, जुने खेळ चालतात का, ऑनलाइनला वर्गणी किती. शेवटी जे शब्द न खोडलेले उरतात, ती माझी बातमी.

किंमत सांगण्याची एक जुनी गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मे १९९५, पहिलं ई-थ्री. सेगाचे टॉम कॅलिन्स्की स्टेजवर आले. त्यांचं सॅटर्न सप्टेंबरात यायचं होतं. ते म्हणाले, सॅटर्न आजपासूनच मिळतंय, ३९९ डॉलरला, पण मोजक्याच दुकानांत. ज्या दुकानदारांना वगळलं ते संतापले, केबी टॉइजने तर सेगाचा माल ठेवायलाच नकार दिला. त्याच दिवशी सोनीच्या कार्यक्रमात स्टीव्ह रेस यांना भाषणासाठी बोलावलं. ते माइकपाशी आले, ‘दोनशे नव्व्याण्णव’ एवढंच म्हणाले आणि परत गेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्लेस्टेशन सप्टेंबरात आलं, आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. किंमत परवडणारी असली की ती माइकवर सांगतात. घोषणेनंतर वेबसाइटवर शोधावी लागली तर समजून जायचं.

२ एप्रिल २०२५ चं उदाहरण घ्या. स्विच २ च्या तासभराच्या व्हिडिओत किंमत उच्चारलीच नाही. ती नंतर लेखी आली: ४४९.९९ डॉलर. मारियो कार्ट वर्ल्ड हा खेळ ७९.९९ डॉलरला. यंत्राची ओळख करून देणारा वेलकम टूरसुद्धा फुकट नव्हता.

कंपन्या कधी कधी एकमेकींकडे बघत गप्प बसतात. २०२० मध्ये उन्हाळाभर सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघींनी दम धरला. सप्टेंबरात एक्सबॉक्स सीरिज एसची किंमत फुटली, मग ९ तारखेला मायक्रोसॉफ्टने सीरिज एक्सचे ४९९ डॉलर सांगितले आणि १६ ला सोनीनेही तोच आकडा सांगितला. अशा वेळी गप्प राहणं वाईट लक्षण नसतं, तो बुद्धिबळाचा डाव असतो. म्हणून या रकान्यातल्या प्रत्येक शब्दापुढे मी ‘का?’ असंही लिहिते.

‘खोक्यात काय’ हे न खोडता राहिलं तर जास्त सावध व्हा. २०१३ ला एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला होता आणि प्लेस्टेशन ४ ३९९ ला. पण पहिल्यात किनेक्ट कॅमेरा होता, दुसऱ्याचा कॅमेरा वेगळा, ५९ डॉलरला. कॅमेरा ज्याला नको होता त्याच्यासाठी सोनीचा सौदा चांगलाच होता, फक्त तुलना करताना दोन्हीकडचं सामान मांडून करायची. त्याच वेळी प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायला वर्गणी लागू झाली, ती प्लेस्टेशन ३ वर नव्हती. आपण खेळून झालेला खेळ दुसऱ्याला देता येतो या सोनीच्या घोषणेला टाळ्या पडल्या, वर्गणीची बाब त्या मानाने हळू आवाजात गेली. २०११ ला हातात धरून खेळायचा प्लेस्टेशन व्हिटा २४९ डॉलरला जाहीर झाला तेव्हाही टाळ्या पडल्या. त्याचं खास मेमरी कार्ड वेगळं घ्यावं लागायचं, आणि अमेरिकेत ३२ जीबीचं कार्ड ९९.९९ डॉलरला निघालं.

जागेचं गणित सोपं आहे, खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. पहिल्या प्लेस्टेशन ५ वर ८२५ जीबी लिहिलेलं होतं, खेळांसाठी उरायचे ६६७. पहिल्या एक्सबॉक्स सीरिज एसवर ५१२, उरायचे ३६४. बाकीच्यातली बरीचशी जागा यंत्राची स्वतःची प्रणाली खाते.

तारखेबद्दल फार लिहीत नाही. दिवस सांगितला असेल तर तारीख, महिना सांगितला असेल तर अंदाज, वर्ष सांगितलं असेल तर इच्छा. व्हॉल्व्ह या कंपनीने जानेवारी २०१४ च्या सीईएसमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टीम मशीन, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे पीसी, मांडल्या, त्यांची खरी विक्री नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाली.

नावाकडेही एक नजर टाका. स्कॉर्पिओ, स्कार्लेट, रेव्होल्युशन ही सगळी कामचलाऊ नावं होती. बारशाआधीच्या यंत्राची किंमत आणि तारीख पक्की नसते. नावात ‘कन्सेप्ट’ असेल तर पान आखायचेही कष्ट घेऊ नका. २०२० च्या सीईएसमध्ये डेलने एलियनवेअरचा ‘कन्सेप्ट यूएफओ’ दाखवला. लोकांनी हातात घेऊन खेळून पाहिला आणि कौतुकही केलं. तो विकायला कधीच आला नाही, आणि नावातच तसं सांगितलेलं होतं.

आता ‘घेऊ का?’ या प्रश्नाकडे येते. माझा नियम असा: तिसऱ्या रकान्यातले सहापैकी पाच शब्द खोडले गेल्याशिवाय आगाऊ नोंदणी करायची नाही. उरलेला एक शब्द ‘किंमत’ असेल तर पाच खोडलेलेही पुरत नाहीत.

पूर्वी मी याला ‘थोडं थांब, स्वस्त होईल’ असंही जोडत असे. मार्च २०११ मध्ये निन्टेन्डो ३डीएस २४९.९९ डॉलरला आला आणि ऑगस्टमध्येच १६९.९९ वर उतरला. आधी घेणाऱ्यांची समजूत काढायला कंपनीने वीस जुने खेळ फुकट दिले. पण हा सल्ला आता मी देत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन ५ ची किंमत वाढून ५४९.९९ डॉलर झाली, यंत्र बाजारात येऊन जवळजवळ पाच वर्षं झाल्यावर. थांबल्याने खेळ वाढतात आणि यंत्रातले दोष कळतात, एवढं खरं. पैसे वाचतीलच असं सांगायची माझी हिंमत नाही.

भाच्याने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गेल्या वेळी घोषणेच्या दिवशीच नोंदणी केली. कुठला कन्सोल ते सांगत नाही, त्याला राग येईल. यंत्र घरी आल्यावर नवव्या दिवशी त्याचा फोन आला.

‘मावशी, चारच खेळ टाकले आणि जागा संपली गं.’

मी वही काढली आणि त्याला त्या दिवशीचा तिसरा रकाना वाचून दाखवला. चौथ्यात त्याचंच वाक्य लिहिलं, तारखेसकट.